विरळ हवेतली सोबत

रोहिणीने वरच्या फळीवरून खलबत्ता काढला तेव्हा माई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, हातात भिंग घेऊन, औषधाच्या खोक्यातला कागद वाचत बसल्या होत्या. माईंना छापलेलं काहीही चालायचं. वाणसामानाच्या पुड्याचा कागदसुद्धा त्या शेवटपर्यंत वाचायच्या आणि मग त्यातली चूक सांगायच्या.

"कुटू नये असं लिहिलंय यात," माई म्हणाल्या.

"माई, सगळ्याच औषधांवर असलं काहीतरी लिहिलेलं असतं," रोहिणी म्हणाली आणि बत्ता चालवायला लागली.

माईंनी कागदाची घडी केली, ती पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि पुढे काही बोलल्या नाहीत. चोवीस वर्षांच्या संसारात सासूने एकदा सांगून गप्प बसायची ही पहिलीच वेळ असावी. पण रोहिणी घाईत होती. तिच्या ते लक्षात आलं नाही.

रोहिणी खांबेटे सोबत करायची. तिच्या व्यवसायाला दुसरं नाव नव्हतं. सांगली-मिरजेकडच्या ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि ज्यांना विमानात एकट्याने बसायची धास्ती वाटते, अशा वयस्कर मंडळींना घेऊन ती जायची. फॉर्म भरायचे, चाकाची खुर्ची मागवायची, कुणाच्या कवळीचा डबा कुणाच्या बॅगेत गेलाय हे लक्षात ठेवायचं, आणि पलीकडच्या दारात मुलगा-सून दिसले की ज्याचं माणूस त्याच्या हवाली करून परत फिरायचं. शिरीष, तिचा नवरा, तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून घरात या दोघीच. या खेपेला माईंचंही तिकीट होतं, टोरोंटोला, मुलीकडे. जायचंच फक्त. 'परतीचं मग बघू,' असं नणंद फोनवर म्हणाली होती. 'हो, बघू,' म्हणताना रोहिणीने सुटकेचा एक सुस्कारा दाबला होता, पण तो माईंना ऐकू गेला असणार. त्यांच्या कानांना अजून भिंग लागत नव्हतं.

रोहिणी आणि माई धरून एकूण मंडळी बारा, आणि जायचं होतं ते विरळ विमानाने.

साधं विमान चाळीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा एखाद्या थंड हवेच्या ठिकाणच्या डोंगरावर असावी तेवढी दाट ठेवलेली असते. बाहेर हवा जवळजवळ नाही आणि आत दाब, म्हणजे विमान हा एक फुगाच. तो फुटू नये म्हणून भिंती भक्कम करायच्या, भिंती भक्कम की वजन वाढणार, आणि वजन वाढलं की इंधन. इंधनावरचे कर चढत गेले, तिकिटं कुणाच्या आवाक्यात राहिली नाहीत, तेव्हा कुणीतरी उलटा विचार केला. विमान माणसाच्या बेताचं करण्यापेक्षा माणूसच विमानाच्या बेताचा केला तर? आतली हवा सोळा हजार फुटांवर असते तेवढी पातळ ठेवली. भिंती निम्म्या झाल्या, पंख लांबलचक झाले, तिकीट निम्म्यावर आलं.

राहिला माणूस. एवढ्या उंचीवर हवेतल्या प्राणवायूचा वाटा तोच असतो, पण दाब अर्ध्यावर येतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो नीट पकडता येत नाही. हिमालयावरून उडत जाणाऱ्या राजहंसांच्या हिमोग्लोबिनची पकड जन्मतःच घट्ट असते. विरळ विमानात चढण्याआधी घ्यायची गोळी माणसाच्या रक्ताला तेवढ्यापुरती ती पकड देते. गोळी म्हणजे कॅप्सूल, तिच्या टोपणात बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर कमीजास्त जाडीचा लेप असतो. पातळ लेपाचे दाणे आधी विरघळतात, जाड लेपाचे मागाहून. असं थोडं थोडं करत अठरा तास औषध रक्तात उतरत राहतं. या लेपांमध्येच सगळी करामत होती.

रोहिणीच्या मंडळींचं घोडं मात्र टोपणावर अडलं होतं. टोपण जिलेटिनचं, आणि जिलेटिन कशापासून करतात हे त्यांच्यातल्याच परचुरे काकांनी ग्रुपवर टाकलेलं. त्यात श्रावण. शाकाहारी टोपणाची गोळी मिळायची, पण तीन आठवडे आधी कळवायला हवं होतं आणि ते राहून गेलं. मागच्या दोन खेपांना रोहिणीने टोपणं उघडून दाणे शिकरणात घालून दिले होते आणि सगळे सुखरूप पोचले होते. तक्रार एवढीच आली की दाणे कवळीत अडकतात. म्हणून या खेपेला तिने ते कुटून मऊ पूड केली, राजगिरा, गूळ आणि तुपात मिसळली आणि लाडू वळले.

मुंबईच्या विमानतळावर खुर्च्यांवर बसून रोहिणीसकट सगळ्यांनी एकेक लाडू घेतला.

"रोहिणी, औषध असं असेल तर रोज आजारी पडेन मी," परचुरे काकू म्हणाल्या.

"पडा की. वीस वर्षं तेच करताय," काका म्हणाले. ते एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. बायकोची थट्टाही फलाटावर घोषणा केल्यासारखी मोठ्याने करायचे.

दारापाशी फॉर्मवर एक रकाना होता. 'गोळी अखंड गिळली.' रोहिणीने बारा वेळा सही केली.

*

उड्डाणानंतर दुसऱ्या तासाला हवाई सुंदरी बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा घेऊन आली. जोआना डिमेलो नाव तिचं, वसईची, त्यामुळे मंडळी खूश होती. चिमट्याचे आकडे बघून जोआनाने भुवया वर केल्या. "अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, परत नव्व्याण्णव. आजी, तुमचा ग्रुप तर पोरांपेक्षा फिट हाय."

आकडे चांगले येणारच होते. अठरा तासांचं औषध एकदम रक्तात उतरलं होतं आणि प्राणवायू मुठीत गच्च धरून बसलं होतं. इतकं गच्च की पुढे सोडायलाही तयार नव्हतं. कुणाचे हात गार पडले होते, कुणी सारख्या जांभया देत होतं. ते प्रवासाच्या शिणवट्यावर गेलं. चिमट्याची पुढची फेरी आठव्या तासाला होती.

पाचव्या तासाला गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खाली ढगांचा गालिचा पसरला होता आणि सांगलीची मंडळी खुशीत होती. एरवी घरी मनातल्या मनात कुढणाऱ्या एक आजी टाळ्या वाजवत होत्या. परचुरे काका उठून उभे राहिले आणि नाकातून आवाज काढत म्हणाले, "सांगली, इस्लामपूर, कराडमार्गे साताऱ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." सगळे खो खो हसले. रोहिणीही हसली. काकांनी घोषणा पुन्हा केली. मग पुन्हा. चौथ्यांदा केली तेव्हा ते कुणाकडेच बघत नव्हते.

"अहो, बसा आता," काकू म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली ओढायला लागल्या. त्या हाताची नखं रोहिणीला दिसली. जांभळाचा रस लागावा तशी होती.

तिने स्वतःची बघितली. तशीच.

त्या क्षणी सगळं एकापाठोपाठ एक तिच्या डोक्यात जुळलं. दाणे, लेप, खलबत्ता. अठरा तासांचं औषध पाच तासांत संपलंय. अजून तेरा तास जायचंय. सोळा हजार फुटांवरची हवा, सत्तरी-पंचाहत्तरीची ही माणसं, आणि त्यांच्या रक्तात आता काहीच नाही. हातापायांना मुंग्या आल्या त्या भीतीने की हवेने, ते कळेना.

ती उठली. जोआना पुढे पडद्यापलीकडे होती. तिला सांगायचं. एवढंच करायचं होतं. पण सांगायचं म्हणजे बारा सह्या. उद्या सांगलीभर होणार, की खांबेट्यांच्या सुनेने माणसं विमानात नेऊन गुदमरवली. पुन्हा कोण आपली आई तिच्या हवाली करणार? दोन मिनिटं विचार करू, असं म्हणून ती सीटच्या पाठीला धरून उभी राहिली.

त्या दोन मिनिटांत भीती गेली.

डोक्यावरचं ओझं कुणी अलगद उतरवून घ्यावं तशी गेली. रोहिणीला आश्चर्य वाटलं, मग बरं वाटलं, मग फारच बरं वाटलं. ऊन किती छान पडलंय. माणसं हसतायत. नखं जांभळी असली तर असू देत की, थंडी आहे. जोआनाला सांगायचंय, ते सांगू सावकाश. ती परत येऊन माईंच्या शेजारी बसली आणि माईंच्या सुरकुतलेल्या हाताकडे बघून तिला भरून आलं. या बाईवर आपण उगाच चिडतो, असं वाटलं. शिरीष असता तर म्हणाला असता...काय म्हणाला असता ते आठवेना, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

प्राणवायू कमी पडला की मेंदूचा जो भाग आधी झोपी जातो, त्याच्याकडे धोका ओळखायचं काम असतं. तो झोपला की धोका संपल्यासारखं वाटतं. वैमानिकांना हे शिकवतात, बंद खोलीत बसवून, हवा पातळ करत. तिथे कित्येक जण अखेरपर्यंत हसत सांगतात, की आम्ही अगदी ठीक आहोत.

"कुठे गेली होतीस?" माईंनी विचारलं.

"जोआनाला सांगायला."

"काय?"

"जोआनाला सांगायला."

माईंनी चष्मा नाकावर सरकवून तिच्याकडे बघितलं. "शंभरातून सात गेले किती?"

"त्र्याण्णव. माई, तुम्ही ना..."

"त्यातून सात?"

"त्र्याण्णव."

"नीट सांग."

"त्र्याण्णवच आहेत, माई. मोजा तुम्ही." ती गोड हसली.

माईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पिशवीच्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेला लाडू काढला आणि मांडीवर ठेवला. "मी नाही खाल्ला. खोक्यात एक गोळी जास्तीची होती, ती गिळली अख्खी. टोपणासकट. श्रावण पाळते मी, पण मला मरायचं नाहीये." त्यांचा आवाज कापत होता. "कागदावर लिहिलं होतं. तुला एकदा सांगितलं. परत नाही सांगितलं. म्हटलं, माझं कुठे ऐकते ही. मला पोचवून यायला निघालीये, मी कशाला बोलू? रुसून बसले मी, रोहिणी. या अकरा जणांच्या जिवावर रुसून बसले."

"असू दे हो माई," रोहिणी म्हणाली. तिला खरोखरच काही वाटलं नाही.

माईंनी डोक्यावरचं बटण दाबलं. दिवा लागला. दुसरं दाबलं, तोंडावर गार वारा आला. जोआनाच्या नावाने त्यांनी हाक मारली, पण भेंड्यांच्या गलक्यात ती पुढच्या रांगेपर्यंतही गेली नाही. गुडघ्यांमुळे त्यांना चार पावलंही टाकता येत नव्हती. पडदा अठरा रांगा पुढे होता. त्यांनी रोहिणीचा दंड धरून हलवला.

"ऊठ. जा तिच्याकडे. सांग तिला."

"जाते ना. बसा थोडं. बरं वाटतंय मला."

माई एकदम थांबल्या. मागे कुणीतरी 'म' वरून गाणं म्हणत होतं आणि शब्द सापडत नसल्यामुळे 'म, म' एवढंच करत होतं. परचुरे काकांचा आवाज येईनासा झाला होता. काकू त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मजेत डोलत होत्या.

माईंनी सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवलं.

"शिरीषही हेच म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "छातीत दुखत होतं, घाम फुटला होता, मी म्हटलं दवाखान्यात न्या. तो हसून म्हणाला, बरं वाटतंय आता. तू त्याचं ऐकलंस. त्याला झोपू दिलंस."

तीन वर्षांत माई हे कधीही बोलल्या नव्हत्या. पोळ्यांवर बोलल्या, विजेच्या बिलावर बोलल्या, तिच्या उशिरा येण्यावर बोलल्या, पण याच्या कडेकडेनेच चालत आल्या. रोहिणीला ठाऊक होतं की त्यांच्या मनात ते आहे, आणि त्यांनाही ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. दोघींनी मिळून ते घरात झाकून ठेवलं होतं.

वाक्य रोहिणीपर्यंत लांबून आलं, पण पोचलं. कशासाठी उठायचं, ते तिला सांगता आलं नसतं. पण ती उठली.

"काय सांगायचं?" तिने विचारलं.

"मी गोळ्या कुटल्या. एवढं म्हण. म्हणत म्हणत जा. मध्ये थांबलीस तर बघ."

मी गोळ्या कुटल्या. मी गोळ्या कुटल्या. पायाखालची वाट लांबच लांब होत गेली. आठव्या रांगेपाशी आपण कशाला निघालोय हे तिला आठवेना आणि तिथेच बसून घ्यावं असं वाटलं. मागून माईंचा आवाज आला, चिरका, कपडे वाळत घालताना खाली पाडले की यायचा तो. "थांबू नकोस!" चोवीस वर्षांची सवय होती. त्या आवाजाला अंग आपसूक पुढे सरकलं.

पडदा सरकवून ती जोआनासमोर उभी राहिली. "मी गोळ्या कुटल्या."

"काय कुटलं, मावशी?"

"मी गोळ्या कुटल्या. लाडूत. सगळ्यांच्या." आणि मग, हे माईंनी सांगितलेलं नव्हतं, "सह्या खोट्या आहेत."

जोआनाने तिच्या बोटाला चिमटा लावला. आकडा बघून तिने कसलाही आवाज न करता फोन उचलला. आकडा होता बासष्ट.

*

विरळ विमानाला एकदम खाली येता येत नाही. लांब पंखांचं हलकं धूड ते, पतंगाला सूर मारता येत नाही तसं. दाट हवेत घाईने शिरलं तर पंख राहणार नाहीत. वैमानिकाने सांगितलं, माणसाला श्वास घेता येईल इतक्या खाली उतरायला बावीस मिनिटं लागतील. छतातून खाली येणाऱ्या मुखवट्यांमध्ये प्राणवायू होता बारा मिनिटांचा. जोआनाकडे वेगळ्या नळ्या चार.

नळ्या कुणाला द्यायच्या, हे तिने चिमटा फिरवून ठरवलं. पहिली परचुरे काकांना. ते झोपलेत असं सगळ्यांना वाटत होतं.

विमान थरथरत खाली जात राहिलं. रोहिणीला पुढचं तुकड्यातुकड्याने आठवतं. मुखवटा तिला नको होता, गुदमरायला होत होतं, ती काढून टाकायची. प्रत्येक वेळी एक हाडकुळा हात तो पुन्हा नाकावर दाबायचा. "मला कळतंय माई, सोडा," ती म्हणायची, आणि माई म्हणायच्या, "तुला काही कळत नाहीये, गप्प बस." ऊन खिडकीत गोल फिरत होतं. बारा मिनिटं संपल्यावर मुखवट्यातला वारा बंद झाला, तेव्हाही तो हात तिथेच होता.

मग भीती परत आली. आधी कानांत, हृदयाच्या ठोक्यासारखी, मग सगळ्या अंगभर. ती रडायला लागली. मागच्या रांगेत कुणीतरी रडायला लागलं, मग आणखी कुणी. एकेक करत सगळी सांगली घाबरून जागी झाली. माईंनी मान वळवून मोजलं. दहा जण रडत होते किंवा देवाचं नाव घेत होते. अकरावे काका. ते शांत होते.

विमान काळ्या समुद्राच्या काठावरच्या एका लहान विमानतळावर उतरलं. काकांना स्ट्रेचरवरून नेताना काकू शेजारून चालत होत्या. काकांनी डोळे उघडले, त्यांच्याकडे बघितलं आणि आदबीने विचारलं, "मावशी, तुमची गाडी कुठली?"

काकू थट्टा समजून हसल्या. काकांनी पुन्हा विचारलं. मग त्या चालायच्या थांबल्या, आणि स्ट्रेचर त्यांना मागे टाकून पुढे गेलं.

डॉक्टरांनी जोआनाला सांगितलं, की मेंदूचा काही भाग परत येईल, काही येणार नाही, किती ते आज सांगता येत नाही. रोहिणीने ते ऐकलं. कागद पुढे आले तेव्हा तिने सगळं लिहून दिलं, मराठीत, खलबत्त्यापासून. माई म्हणाल्या, "मलाही ठाऊक होतं, ते लिही." ती नको म्हणाली. माईंनी पेन ओढून घेतलं आणि खाली स्वतःच्या किरट्या अक्षरात ते लिहिलं.

संध्याकाळी विमानतळाच्या दवाखान्यात तपासणीची पाळी आली. पांढऱ्या कोटातली तरुण डॉक्टरीण खुर्ची ओढून रोहिणीसमोर बसली आणि जोआनाने तिचा प्रश्न मराठीत आणला. "कसं वाटतंय, विचारतेय."

रोहिणीचा श्वास सरळ चालला होता. डोकं दुखायचं थांबलं होतं. खिडकीबाहेर समुद्र होता आणि तो सुंदर दिसत होता, हेच तिला सगळ्यात वाईट वाटलं. या प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्याला देता येतं, असं ती पन्नास वर्षं धरून चालली होती.

"माई, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मला काय वाटतंय त्यावर जाऊ नका."

माई खुर्चीत पुढे वाकल्या. त्यांनी तिचे डोळे बघितले, ओठ बघितले. मग विचारलं, "भीती वाटतेय का?"

"हो."

"किती?"

"खूप. परचुरे काकूंच्या समोर जायची. टोरोंटोला फोन करायची. उद्याची." तिने माईंकडे बघितलं. "तुम्ही तिकडे राहिलात तर घरी एकटीने जायची."

माईंनी पाठ टेकली आणि जोआनाकडे वळल्या.

"सांग तिला, ही शुद्धीवर आहे म्हणून."